इकडची काळजी करू नका

४ फेब्रुवारी

कुटुंब सल्ला कक्ष आज सुरू झाला. कक्ष म्हणजे छावणीच्या धान्यकोठाराला लागून असलेली खोली. कालपर्यंत इथे रिकामी पोती होती. आज दोन खुर्च्या, एक टेबल आणि मी आहे. कोपऱ्यात टेलिफोनची लाकडी खोली, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी. गेल्या वर्षी दुसऱ्या एका तुकडीतल्या दोघांनी आपला जीव घेतला, वर्तमानपत्रांत आलं, आणि मग मुख्यालयाचा हुकूम निघाला की प्रत्येक छावणीत कुटुंबांना सल्ला देणारं एक माणूस हवं आणि आठवड्यातून दोनदा येणारी मनाची डॉक्टर हवी. दोन माणसं गेल्याशिवाय यांना एका खोलीतली पोती हलवता येत नाहीत.

मला बोलावलं, कारण मी बोलते. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं व्यासपीठावर काढली. बावीस वर्षं सैनिकाची बायको, बारा वर्षं सैनिकाची विधवा, आणि आता सैनिकाची आई. एवढा अनुभव तुमच्याकडेही नाही, असं मी कमांडरला तोंडावर सांगितलं. तो हसला. हसणारी माणसं कामाला कमी असतात.

दुपारी वसाहतीतल्या बायकांपुढे चाळीस मिनिटं बोलले. मुद्दा एकच. आपली माणसं दूरच्या ठाण्यावर चौदा महिन्यांसाठी गेली आहेत. दर रविवारी प्रत्येक घराला फोनवर सात मिनिटं मिळतात. ती रडगाण्यात घालवायची की त्याला बळ देण्यात? छत गळतं, सासू बोलते, पोरगं नापास झालं, हे ऐकून तो तिथून काय करणार? आतल्या आत पोखरला जाणार. बावीस वर्षांत मी ह्यांना फोनवर एकही वाईट बातमी दिली नाही. ढब्बू सात वर्षांचा असताना टायफॉइडनं अंथरुणाला खिळला होता. त्यानं बाबांना सांगितलं, "मी फुटबॉल खेळतोय." हे मी सांगितलं तेव्हा सभेत कोणी खोकलंसुद्धा नाही.

ढब्बू म्हणजे माझा मुलगा. बत्तीस वर्षांचा आहे आणि त्याच ठाण्यावर आहे, पण माझ्या वहीत त्याला दुसरं नाव नाही.

११ फेब्रुवारी

नुसतं भाषण पुरत नाही. ऐकताना माना डोलतात आणि घरी गेल्यावर सगळं मूळपदावर. म्हणून रात्रीतून एक पत्रक लिहिलं: "फोनवर काय बोलावं." अकरा वाक्यं. सुरुवात "इकडे सगळं छान आहे" आणि शेवट "तुम्ही इकडची काळजी करू नका." मधली नऊ अशी बेतली की कुठल्याही घराला लागू पडावीत: मुलं रमली आहेत, तब्येती उत्तम, आम्हाला तुमचा अभिमान वाटतो, तुम्ही नसतानाही घर नीट चाललं आहे. टेलिफोनच्या खोलीत डोळ्यांसमोर येईल असं चिकटवलं. ज्यांचा नवरा त्या ठाण्यावर आहे अशी वसाहतीत अकरा घरं. अकराही जणींना एकेक प्रत दिली, माझ्या सुनेसकट.

ड्रायव्हरची बायको म्हणाली, "बाई, म्हणजे खोटं बोलायचं."

"खोटं नाही. निवडून बोलायचं."

"आमच्या ह्यांना निवडलेलं कळत नाही. भांडले नाही तर विचारतात, बरं नाही का तुला? परवा भांडणात तो वायरलेसवाला मध्येच म्हणाला, वहिनी, एक मिनिट राहिलंय, मुद्द्यावर या."

सगळ्या हसल्या. ठाण्यावरचा वायरलेसवाला फोन जोडतो आणि ओळीवर ऐकत बसतो. तसा नियमच आहे. ठाण्याची कसली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. सात मिनिटं झाली की तो "वेळ संपली" म्हणतो आणि ओळ तोडतो. त्याची बायको मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. तिनं पत्रकाची घडी चारदा घातली आणि बाळाच्या झबल्याच्या खिशात ठेवली. अशी माणसं मला आवडतात. ऐकतात.

२ मार्च

माझी नात चिऊ जिन्यावरून पडली. उजवा हात मनगटाच्या वर मोडला. प्लास्टर घालून आणलं तोवर फोनची वेळ झाली होती.

सूनबाई म्हणाली, "आई, त्यांना सांगू या. लेक आहे त्यांची."

"सांगून तो काय प्लास्टर काढायला येणार आहे?"

"काढायला नाही. माहीत असावं म्हणून."

मी नाही म्हटलं. ती फोनवर अकरा वाक्यं म्हणाली, अक्षर न चुकता. मग ढब्बूला विचारायचं म्हणाली की पाना कुठे ठेवलाय, स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. मी मानेनंच नको म्हटलं. छावणीचा प्लंबर आहे की. चिऊनं स्वतःहून सांगितलं, "बाबा, मी सायकल शिकतेय." सात वर्षांची पोर. मला ढब्बूचा टायफॉइड आठवला आणि अभिमानानं ऊर भरून आला. सूनबाईनं मात्र संध्याकाळपर्यंत माझ्याशी शब्द काढला नाही. तिचं वाचन कमी आहे, म्हणून ती दुखणं आणि कर्तव्य यांत गल्लत करते.

१४ मार्च

मनाची डॉक्टर आली. पस्तिशीची, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागतं. मी तिला व्याख्यान कसं द्यायचं ते सांगितलं. ती म्हणाली, "मी व्याख्यान देत नाही. मी विचारते."

"काय विचारता?"

"शंका आली की सरळ विचारते. जीव द्यावासा वाटतो का?"

मी उभीच राहिले. अहो, असं विचारून आपणच त्याच्या डोक्यात किडा सोडायचा? ज्याच्या मनात नाही त्याच्याही मनात घालायचं? ती म्हणाली की विचारल्यानं कोणाच्या मनात ते शिरत नाही, असलेलंच बाहेर येतं. माणूस एकटा ते धरून बसलेला असतो, विचारणारा भेटला की हात सैल होतो. मी म्हटलं, ही तुमची पुस्तकी विद्या. तिनं माझ्या टेबलावरचा पुस्तकांचा ढीग नुसता पाहिला. उद्धट बाई.

नंतर टेलिफोनच्या खोलीत जाऊन तिनं पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. "यात त्याला करायला काही ठेवलेलं नाही," म्हणाली. मला अर्थ लागला नाही. विचारायला गेले नाही.

२८ मार्च

पत्रक मुख्यालयाला पसंत पडलं. छापून सगळ्या छावण्यांत पाठवणार आहेत. कमांडरनं हात हातात घेऊन अभिनंदन केलं. गेल्या दीड महिन्यात ठाण्यावरून घरच्या अडचणींसाठी रजेचा एकही अर्ज आला नाही म्हणे. प्लंबर अजून आलेला नाही.

६ एप्रिल

ढब्बूनं मागच्या आठवड्यात चिऊचं चित्र मागितलं होतं. तिनं डाव्या हातानं काढलं, घर, झाडं, आणि झाडाखाली आम्ही तिघी. चांगलं जमलं होतं. मीच टपालात टाकलं. आज त्याला ते मिळालं.

"चित्र छान आहे," म्हणाला. "चिऊची तब्येत?"

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "उत्तम."

"बरं. तुमचं छान चाललंय, चांगलं वाटलं." चार मिनिटांतच त्यानं फोन ठेवला. उरलेली तीन मिनिटं ड्रायव्हरच्या बायकोला द्या म्हणाला. दुसऱ्याचा विचार करणं त्याच्या रक्तातच आहे.

२१ एप्रिल

वायरलेसवाला गेला. आज पहाटे, ठाण्यावर. त्यानं स्वतःच. कसं ते लिहीत नाही, त्या माहितीचा कोणाला उपयोग नाही. सापडला तो ढब्बूला.

ही बातमी त्याच्या बायकोला द्यायला कमांडर, मी आणि डॉक्टर गेलो. मी वाटेत चार वाक्यं तयार केली होती. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात बाळाची दुधाची वाटी होती. माझ्या चारही वाक्यांचा पाचोळा झाला. डॉक्टरनं वाटी तिच्या हातातून घेतली, कट्ट्यावर ठेवली, आणि खाली जमिनीवर तिच्याजवळ बसली. तीन तास बसली. एक शब्द बोलली नाही. मी उभी होते.

२४ एप्रिल

आज कमांडरनं बोलावलं. पुढ्यात चौकशीचा कागद. "बाई, कारणाच्या रकान्यात घरगुती असं लिहितोय. तुमची सही लागेल. सल्लागार म्हणून."

"घरगुती काय? त्यांच्यात कधी भांडण नव्हतं. त्यानं जानेवारीपर्यंत तीनदा रजा मागितली, बाळ बघायला. तिन्ही अर्ज या टेबलावरून परत गेले."

"माणसं कमी आहेत."

"मग लिहा, माणसं कमी होती म्हणून एक आणखी कमी झाला."

त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मी सही केली नाही. इतकं जहाल मी व्यासपीठावरही कधी बोलले नव्हते. बाहेर येताना पाय हलके वाटत होते.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. तिनं शेवटच्या रविवारचं सांगितलं. तो म्हणाला होता, "काही अडलंय का तुझं? काहीही सांग." तिनं झबल्याच्या खिशातला कागद काढून सगळा वाचला. मग तो म्हणाला, "म्हणजे मी नसलो तरी तुमचं अडत नाही. हे बरं झालं." ती म्हणाली, "तुम्ही इकडची काळजी करू नका." तेवढ्यात सात मिनिटं संपली. वेळ संपली असं त्यानं स्वतःच स्वतःला सांगितलं आणि ओळ तोडली.

"बाई, बाळाला तेव्हा चार दिवस ताप होता," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं असतं तर?"

मी तिला समजावलं की दमलेला माणूस असं काहीबाही बोलतो, तिनं मनाला लावून घेऊ नये, तिनं तिचं कर्तव्य चोख केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. दुःखात माणसाला आधार घेताच येत नाही.

४ मे

वायरलेसच्या जागी दुसरा माणूस येईपर्यंत ते काम ढब्बूकडे आहे. आता सगळ्यांचे फोन तोच जोडतो. सूनबाईशी बोलून झाल्यावर आज पहिल्यांदा त्यानं मला फोनवर बोलावलं.

"आई, दर रविवारी तुझं भाषण ऐकतोय हं. घराघरांतून."

मला हसू आलं. म्हटलं, "मग, कसं वाटतं?"

"पाठ झालंय," तो म्हणाला. "तू फार छान लिहितेस. कुठेच फट ठेवत नाहीस."

बत्तीस वर्षांत त्यानं माझ्या लेखनाची केलेली ही पहिली स्तुती. म्हणून शब्द जसेच्या तसे टिपून ठेवते.

रजेवर आलेल्या एकाबरोबर त्यानं पत्र्याची पेटी पाठवली आहे. चांगलं ब्लँकेट, ह्यांचं घड्याळ, चिऊसाठी रंगीत खडू, पगाराच्या पुस्तकात बायकोचं नाव लावल्याचा कागद. "सामान हलकं करतोय," अशी चिठ्ठी. वडिलांसारखाच नीटनेटका.

सूनबाई घड्याळ हातात घेऊन बसली होती. "आई, हे त्यांनी काढून का दिलं?"

"तिकडच्या धुळीत खराब होईल म्हणून."

"सासऱ्यांचं घड्याळ ते आंघोळीलासुद्धा काढत नाहीत."

मी तिला संशयी म्हटलं. लिहिताना वाईट वाटतंय, पण म्हटलं.

११ मे

आजचा फोन तीन मिनिटांचा. "तुमचं सगळं छान आहे ना? मग झालं."

सूनबाई बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली. तिच्यामागे ड्रायव्हरच्या बायकोची पाळी होती. ती आत अर्धा मिनिट ओरडली, मग एकदम शांत झाली. बाहेर आल्यावर माझा हात धरून मला कोठाराच्या मागे घेऊन गेली. असा हात माझा कोणी धरत नाही.

"बाई, आमचे हे आज तुमच्याबद्दल बोलले. ढब्बूभाऊ ओळीवर असतील म्हणून घाबरत होते, तरी बोलले. भाऊ आठवडाभर भटारखान्यात जेवायला आलेले नाहीत. बूट, वस्तरा, पुस्तकं वाटून टाकली. यांना बॅटरी दिली. हे म्हणाले, आईला सांग, कागदाबाहेरचं काहीतरी बोल म्हणावं."

"मग ढब्बूनं मध्ये काही म्हटलं नाही?"

"नाही. ओळ तोडली पण नाही. तेवढाच मला धीर आहे."

डॉक्टर आज यायची नव्हती. मी तिच्या घरी गेले. सगळं सांगितलं: पेटी, घड्याळ, तीन मिनिटं. ती बूट घालायला लागली.

"उद्या नको," म्हणाली. "आत्ता."

रविवारची वेळ संपली होती. कमांडर म्हणाला, पुढच्या रविवारी. मी म्हटलं, पुढच्या रविवारी तुम्हाला माझ्या घरी यायला लागेल, आणि तेव्हा तुम्ही दारात चार वाक्यं तयार करून उभे असाल. त्यानं चिठ्ठी लिहून दिली.

इथून पुढे मला नीट लिहावं लागेल. सावकाश लिहिते.

टेलिफोनच्या खोलीचं दार उघडं ठेवलं. डॉक्टर बाहेर, हातात वही. पलीकडून त्याचाच आवाज आला, "ठाणं."

"ढब्बू."

"आई? तुमची पाळी झाली आज. सगळं ठीक ना?"

डोळ्यांसमोर माझाच कागद. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं, खरंच सांगते, अर्धं बाहेर आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "चिऊचा हात मोडला होता. मार्चमध्ये."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"चित्र डाव्या हातानं काढलेलं होतं, आई. सगळी झाडं उलट्या बाजूला कलली होती. मी बाप आहे तिचा."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं की. तब्येत विचारली. उत्तम म्हणालात." तो थोडा हसल्यासारखा झाला. "मग म्हटलं, हात मोडला तरी यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. चांगलंच आहे. उगाच मध्ये मध्ये कशाला करा."

मी काहीतरी म्हणणार होते. डॉक्टरनं तर्जनी ओठांवर ठेवली.

"त्यानं मला एक खेळ शिकवला होता," ढब्बू म्हणाला. त्यानं म्हणजे वायरलेसवाल्यानं. "घर जोडायचं आणि बाई बोलायच्या आधी आपण वाक्य म्हणायचं. इकडे सगळं छान आहे. मुलं रमली आहेत. अकरा घरं, एकदा चुकलो नाही. एक तेवढं ड्रायव्हरचं घर, तिथे मात्र काही सांगता यायचं नाही. आम्ही पोट धरून हसायचो. मग एकदा मी म्हटलं, अरे थांब, ही माझ्या आईची भाषा आहे. तो हसायचा थांबला. म्हणाला, म्हणजे माझ्या बायकोनं दोन महिन्यांत मला स्वतःचं एकही वाक्य दिलं नाही? मी चेष्टेवारी नेलं. त्याच्या दुसऱ्या पहाटे."

ओळीवर नुसता खरखराट. डॉक्टरनं वहीवर लिहिलेलं माझ्यासमोर धरलं. मला ते वाचायची गरज नव्हती. दोन महिन्यांपूर्वी त्याच प्रश्नावर मी उभी राहिले होते.

"ढब्बू, जीव द्यावासा वाटतो का तुला?"



"हो," तो म्हणाला.

मग तो बोलायला लागला. मी जन्मभर बोलत आले आणि तो बत्तीस वर्षं ऐकत आला, आज उलटं झालं. टायफॉइडचं बोलला. त्या दिवशी बाबांना फुटबॉल सांगून झाल्यावर मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, तो आजारपणातला एकमेव लाड त्याला आठवतो म्हणे. पहाटे त्यानं जे पाहिलं ते बोलला. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. वेळ संपली म्हणणारा तोच होता आणि तो म्हणत नव्हता.

डॉक्टरनं लिहिलं: जवळ कोण आहे? मी विचारलं. कोणी नव्हतं. मी म्हटलं, ड्रायव्हरला बोलाव, तो येईपर्यंत मी ठेवणार नाही. आणि तुझ्या अधिकाऱ्याला मी कळवणार आहे.

"नको, आई. शेरा बसेल. नोकरी जाईल माझी."

"कळवणार."

"मग विचारलंस कशाला?" तो म्हणाला. सात वर्षांचा होता तेव्हाच्या आवाजात.

ड्रायव्हर आला. त्याचा श्वास ओळीवर ऐकू आला. मग मी ठेवला.

कागद भिंतीवरून ओढून काढला. डिंक चांगला होता, तुकडे तुकडे निघाले. खाली बसले तेव्हा कळलं की चिऊ दाराशी उभी आहे.

१४ मे

त्याला ठाण्यावरून खाली आणलं. लष्करी इस्पितळात ठेवलं आहे, इथून दिवसभराच्या वाटेवर. सूनबाई भेटून आली. मला यायला त्यानं नको म्हटलंय. डॉक्टर म्हणते, जिवंत माणसाला रागवायची मुभा असते. बरोबर आहे. तरी.

३ जून

त्याच्या कागदावरही कारणाच्या रकान्यात घरगुती लिहिलं आहे. पुढे कंसात: आईचा हस्तक्षेप. यावेळी माझी सही मागितली नाही. आणि याच वेळी ते अर्धं खरं होतं.

मुख्यालयाला मी पत्र लिहिलं. पत्रक मागे घ्या, ते मी लिहिलं आहे, ते घातक आहे, का घातक आहे ते पाच पानांत. उत्तर तीन ओळींचं: पत्रकाचा सर्वत्र उत्तम उपयोग होत असून ठाण्यांवरून येणाऱ्या तक्रारी निम्म्यावर आल्या आहेत, चार हजार प्रती रवाना झाल्या आहेत, आपल्या योगदानाबद्दल आभार. पत्रकातल्या नव्या वाक्यांसाठी सुचवण्या असल्यास कळवाव्यात.

चार हजार. प्रत्येक ठाण्यावर कोणीतरी ओळ जोडून बसलेला असेल आणि बाई बोलायच्या आधी वाक्य म्हणत असेल. मला एवढा मोठा श्रोतृवर्ग कधी मिळाला नव्हता.

वायरलेसवाल्याची बायको बाळ घेऊन माहेरी गेली. निरोप घ्यायला सगळ्यांकडे जाऊन आली. माझ्याकडे आली नाही. पत्रकाची प्रत मात्र कक्षाच्या दारातून आत सरकवून गेली, चार घड्यांची.

२२ जून

रविवार. इस्पितळातून फोन करायला त्याला आज पहिल्यांदा परवानगी मिळाली. मी कक्षातच होते. सूनबाईनं मला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. महिनाभर आमचं बोलणं भाजीपाल्यापुरतं चालू आहे.

आधी चिऊनं घेतला. ताठ उभी राहिली, भिंतीवरच्या डिंकाच्या डागांकडे बघून म्हणायला लागली, "बाबा, इकडे सगळं छान आहे. तब्येती उत्तम आहेत. तुम्ही इकडची..."

"चिऊ," मी म्हटलं. "बाबांना खरं सांग."

"काय खरं?"

"काहीही. जे असेल ते."

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. चिऊनं थोडा विचार केला, आणि मग एका दमात: "बाबा, माझा हात वाकडा जुळलाय आणि लिहिताना दुखतो, आणि आजीनं तो कागद फाडला आणि जमिनीवर बसून रडली, आणि आई आजीशी बोलत नाही, आणि मला सायकल येत नाही, कोणी मागे धरतच नाही."

पलीकडे काय झालं ते तिच्या तोंडावरूनच बघायचं होतं. ती बराच वेळ ऐकत होती. "हो," म्हणाली. "दोन्ही हातांनी धरायचं. सोडायचं नाही." मग रिसीव्हर आईला दिला.

सूनबाई भिंतीला टेकली. तिच्या हातात कागद नव्हता आणि पहिल्यांदा तिला काय बोलावं ते सुचेना.

"नळ गळतोय," ती म्हणाली शेवटी. "फेब्रुवारीपासून. खाली बादली ठेवते, रात्री दोनदा उठून उपसते. प्लंबर येत नाही. मी कंटाळलेय." आणि मग रडायला लागली, आवाज न करता. जरा वेळानं नाक पुसून म्हणाली, "हो, ऐकतेय. पाना? मला काय माहीत तुम्ही कुठे ठेवलाय. नाही, पेटीत नाही. नाही, तिथेही बघितलं."

पाना शिलाई मशीनच्या खालच्या खणात आहे. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे.

मी तोंड मिटून बसले. त्याला आठवू दे. त्यालाच सांगू दे.